रेझ म्हणेपर्यंत

निशिगंधा पोवारचा वरचा पुढचा दात पडला तो जून महिन्यातल्या एका बुधवारी, सकाळी पावणेआठला. दात पडला, त्याच्यामागोमाग ओट्सचा वाडगा पडला, वाडग्यामागोमाग ट्रे पडला. पडली नाही ती एकटी निशिगंधा. आणि गंमत बघा, चूक झाली ती तिथंच. ती त्याच वेळी रीतसर पडली असती तर दात जागेवर राहिला असता.

उलटं वाटतं ना? पण आहे ते असं आहे. जरा दमानं घेऊ.

गाव पापाकुरा, ऑकलंडच्या पार दक्षिणेला, आणि साल २०१४. तिथल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या घरात, निशिगंधा केअरगिव्हर होती. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं आणि अधूनमधून त्यांच्या हातचा मार खायचा. पहिल्या तीन गोष्टी डिप्लोमात शिकवतात, चौथी आपली आपण शिकायची. २०११ साली कोल्हापूरहून ती शिकायला म्हणून गेली, ती तिथंच राहिली. तीन वर्षांत तिला एका आजीनं जँडल, म्हणजे रबरी चप्पल, फेकून मारली होती, एकीनं मनगटाला कडकडून चावा घेतला होता, आणि चर्चमध्ये आयुष्यभर भजनं म्हटलेल्या एका सज्जन आजोबांनी चहाच्या किटलीनं तिचं टाळकं शेकलं होतं. निशिगंधा ह्या गोष्टी अशा रंगवून सांगायची की ऐकणारा पोट धरून हसायचा. पण दाताचं प्रकरण वेगळं निघालं.

दात पाडणाऱ्याचं नाव फिक्रेत. वय सत्त्याहत्तर, खांदे अजून दाराच्या चौकटीएवढे. मूळचा बोस्नियाचा, सारायेव्हो शहरातला. तिकडं लढाई पेटली तेव्हा बायकोला घेऊन न्यूझीलंडला आला. म्हातारपणी त्याची आठवण जायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरचा पत्ता गेला, मग एक दिवस इंग्रजी आख्खं गेलं. उरली ती बोस्नियन, आणि ती समजणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. त्याच्या फाइलीत धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सिनेमा, निवृत्त’. सगळे धरून चालले की हा थिएटरच्या दारात तिकिटं फाडत असणार. तिकिटं फाडणारा माणूस असला ठोसा कुठं शिकला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

निशिगंधाच्या आधी त्यानं दोघांना धरलं होतं. टोंगाचा सियोने, सव्वाशे किलोचा केअरगिव्हर, त्याचा डोळा आठवडाभर जांभळा होता. पायाची नखं कापायला येणाऱ्या बाईचा ओठ फाटला होता. प्रत्येक वेळी फॉर्म भरला गेला. निशिगंधानंही त्या बुधवारी, तोंडात कापसाचा बोळा धरून, भरला. कुणी मारलं, कुठं मारलं, किती रक्त आलं, सगळं खरं खरं लिहिलं. खोटं लिहायचा तिचा स्वभावच नाही.

दुसऱ्या दिवशी फिक्रेतची बायको मुबेरा तिला शोधत आली. बाई बहात्तर वर्षांची, राहायला न्यू लिनला. रोज सकाळी ट्रेननं निघायची, न्यूमार्केटला गाडी बदलायची, अकराच्या सुमाराला पापाकुराला पोचायची. गाडी चालवता येत नव्हती. चार वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. तिनं निशिगंधाच्या हातात फडक्यात बांधलेलं ताट ठेवलं.

“बटाट्याचा पिता आहे,” मुबेरा मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “कडा काढून टाकल्या. कडक लागतात. तुझा दात...”

पिता म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण घालून भाजलेला पदार्थ. निशिगंधा खाता खाता म्हणाली, “अहो, एवढं काय! दुसरा बसवता येतो.”

“दात बसवता येतो. पण त्याला टौरंगाला पाठवणार आहेत.”

“कुणी सांगितलं?”

“मॅनेजरनं, ट्रेसीनं. तीन महिन्यांत तीन फॉर्म झाले की तपासनीस येतो. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येणार. मग बंद वॉर्ड. जागा फक्त टौरंगाला आहे. बसनं जायला अर्धा दिवस. मी आता बहात्तर वर्षांची. आठवड्यातनं एकदा जमेल, पुढं महिन्यातनं एकदा. आणि त्याला तर काल आलेलं माणूसही आठवत नाही. मी कोण, हे तो किती दिवस धरून ठेवेल?”

निशिगंधानं हातातला घास ताटात परत ठेवला. तिसरा फॉर्म तिचा होता.

त्या संध्याकाळी तिनं कोल्हापूरला फोन लावला. तिचे वडील शशिकांत वस्ताद म्हणजे मर्दानी खेळातलं जुनं नाव. लाठी, दांडपट्टा, फरी-गदगा सगळं शिकवायचे. पोरगी आणि पोरगा असला फरक आखाड्यात नव्हता, बोटांवर फटके दोघांना सारखेच पडायचे.

“आबा, दात पडला माझा.”

“कुणी पाडला?”

“एका म्हाताऱ्यानं. सत्त्याहत्तर वर्षांच्या.”

 मग वस्ताद म्हणाले, “शशिकांत वस्तादाच्या पोरीचा दात सत्त्याहत्तर वर्साच्या म्हाताऱ्यानं पाडला. गावात सांगू नगंस.”

“आबा!”

“बरं, हात कुठनं आला?”

“लांबनं. पार खांद्याच्या मागनं, हा एवढा घेर घेऊन.”

“आनि पाय?”

“डावा पुढं. आधी माझ्याकडं बघितलं, जरा थांबला, मग फिरवला.”

“मग ते मारणं न्हवं गं. ते दाखवणं हाय. राग आलेला माणूस जवळनं मारतो, आखूड मारतो, बघत थांबत न्हाई. घेर घेतो तो लांब बसलेल्या लोकांना दिसावा म्हणून. तू काय केलंस? पडलीस का?”

“नाही. पुढं होऊन हात धरायला गेले. तसंच शिकवलंय आम्हाला.”

“मग दात जाणारच की! तो टीचभर अंतर ठेवून मारतोय, आनि तू तोंड घेऊन पुढं चाललीस. खोट्या मारामारीत मागं न सरणाऱ्याला खरा फटका बसतो. एवढंबी इसरलीस व्हय?”

विसरली नव्हती. तिला बारा वर्षांची असतानाची जत्रा आठवली. ती आणि तिचा चुलतभाऊ लाठी खेळत होते. आखाड्याचा नेम असा, की वस्ताद ‘थांब’ म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही, आणि म्हटल्यावर पापणीही हलवायची नाही. त्या दिवशी वस्तादांना तंबाखूचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. पोरं आपली एकमेकांना हाणतायत. तिची भुवई फुटली, त्याचं नाक फुटलं, दोघांचे सदरे लाल झाले, तरी थांबेनात. लोकांना वाटलं काय खेळ रंगलाय, नुसता टाळ्यांचा पाऊस. शेवटी कुणीतरी वस्तादांच्या पाठीत दणका घातला, तेव्हा ‘थांब’ बाहेर पडलं. रात्री तिची आई वस्तादांना जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मुबेरा आल्या आल्या निशिगंधानं विचारलं, “फिक्रेत सिनेमात नेमकं काय करायचा?”

“कास्कादेर,” मुबेरा म्हणाली. “हिरोच्या जागी मार खाणारा. मार देणारासुद्धा. घोड्यावरनं पडायचा, छपरावरनं पडायचा, जळत्या गाडीतनं उडी मारायचा. आमच्याकडं तेव्हा लढाईचे सिनेमे फार निघायचे. एकाच सिनेमात तो अकरा वेळा मेलाय. सकाळी ह्या फौजेचा डगला घालून, दुपारी त्या फौजेचा.”

“आणि तुम्ही?”

“मी दिग्दर्शकाशेजारी घड्याळ घेऊन बसायचे. प्रत्येक कादारची नोंद ठेवायची. कादार म्हणजे चित्रणाचा एक तुकडा. किती सेकंद झाला, कोण कुठं पडलं, रक्त उजव्या गालावर लावलं होतं की डाव्या. तिथंच त्याला पहिल्यांदा बघितलं. मेलेला होता.”

मग मुबेरानं तिला सेटवरची रीत सांगितली. आधी ‘तिशिना’, म्हणजे शांतता. मग ‘कामेरा’. मग पाटी आपटायची, तिला ‘क्लापा’ म्हणतात. मग ‘आक्त्सिया’, म्हणजे करा सुरू. आणि शेवटी ‘रेझ’. रेझ म्हणजे काप, थांब, झालं. मारणाऱ्यानं आपण होऊन थांबायचं नाही, मेलेल्यानं आपण होऊन उठायचं नाही. फिक्रेतचा एक जोडीदार रेझच्या आधी उठून बसला होता. मागून घोडे येत होते. त्याच्या छातीवरून तीन घोडे गेले. बरगड्या मोडल्याचा आवाज मुबेरानं बसल्या जागेवरून ऐकला. त्या दिवसापासून फिक्रेत रेझ ऐकल्याशिवाय बोटही हलवत नसे.

“आणि लढाईत?” निशिगंधानं विचारलं.

मुबेरा म्हणाली, “पाणी आणायला गेला होता. पाच जणांनी धरला. बंदुकीच्या दस्त्यांनी मारला. पहिल्या फटक्याला तो पडला, त्याला येतं तसा, मेल्यासारखा. ते मारत राहिले. जबडा मोडला, हाताची तीन बोटं मोडली. तो हलला नाही. शेवटी मेला समजून खड्ड्यात ढकलून गेले. दुपारपासून अंधार पडेपर्यंत दोन खऱ्या मेलेल्यांच्या खाली पडून राहिला. घरी आल्यावर मला म्हणाला, मुबेरा, रेझ म्हणणारंच कुणी नव्हतं गं.”

निशिगंधानं त्या दिवशी डेअरीतून एक वही घेतली. डेअरी म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं दुकान. माणसं नवी भाषा शिकतात तेव्हा पहिल्या पानावर ‘माझं नाव अमुक’, ‘मला पाणी द्या’ असलं लिहितात. हिच्या पहिल्या पानावर आलं: शांतता, कॅमेरा, मार, थांब, मेला, पुन्हा. मेला म्हणजे ‘मर्ताव’ आणि पुन्हा म्हणजे ‘पोनोवो’. त्यातला कॅमेरा तिला आधीपासून येत होता, म्हणून ती भलतीच खूश.

मग तिनं खोली नीट बघितली. फिक्रेत मारतो कधी? सकाळी. सकाळी काय होतं? डोक्यावरचा मोठा दिवा झगकन लागतो, पलंगाभोवती तीन-चार माणसं गोळा होतात, सगळी त्याच्याकडे बघतात आणि गप्प असतात. अहो, हा सेट झाला की! बिचारा उठतो आणि इमानेइतबारे कामाला लागतो.

शनिवारी तिनं पहिला प्रयोग केला. मोठा दिवा लावला, समोर उभी राहिली. फिक्रेतनं तिच्याकडं बघितलं, डावा पाय पुढं टाकला, घेर घेतला. ठोसा आला तशी तिनं मान झटकली, हनुवटी छातीला लावली, पाठ गोल केली आणि तळहात फरशीवर आपटत धाडकन पडली. आवाज असा आला की शेजारच्या खोलीतली आजी ‘भूकंप, भूकंप’ करत पलंगाखाली शिरली.

ठोसा लागला नव्हता. केसाला वारा लागला, तेवढाच.

निशिगंधाला इतका आनंद झाला की पडल्या पडल्याच ती ओरडली, “रेझ!”

आणि तिथं गाडं बिनसलं. फिक्रेतचा चेहरा लालबुंद झाला. मेलेलं माणूस बोलतं? त्यानं पाय उचलला आणि तिच्या बरगडीत घातला. हा मात्र खरा होता. “मर्ताव!” तो गरजला. “मर्ताव!” दुसरी लाथ मांडीवर बसली. दारातून मुबेराचा आवाज आला, “रेझ!” तसा पाय हवेतच थांबला. म्हाताऱ्यानं वाकून तिला हात दिला, उभी केली, पाठीवरची धूळ झटकली आणि दिग्दर्शकाकडं तक्रार करावी तशी बायकोकडं बघून म्हणाला, “लोशे.”

“काय म्हणाला?” निशिगंधानं बरगडी दाबत विचारलं.

“वाईट,” मुबेरा म्हणाली. “पडलीस छान. मेलीस वाईट.”

पुढचे पाच दिवस तालीम चालली. रोज मुबेरा आल्यावर चार-चार वेळा मरायचं. फिक्रेत तिचं मनगट धरून शिकवायचा, डोकं कुठं झटकायचं, डोळे उघडे ठेवून श्वास कसा कोंडायचा. निशिगंधाचे दोन्ही कोपर सोलून निघाले, कमरेला बशीएवढा काळा डाग पडला, पण दुसरा दात काही गेला नाही. सियोने दारात उभा राहून म्हणायचा, “स्वीट अ‍ॅज, निशी! झकास! परत एकदा मर!” आणि मॅनेजर ट्रेसी कपाळावर हात मारायची. “एक माणूस मारकुटा होता, आता दोन वेडे झाले.”

“ट्रेसी, शब्द शिकून ठेव. पाचच आहेत.” निशिगंधानं तिशिनापासून रेझपर्यंत ते इंग्रजी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले.

“माझ्या कामात नाटक बसत नाही,” ट्रेसी म्हणाली.

शुक्रवार उजाडला. तपासनीस यायचा अकराला, आला साडेदहाला. नाव क्रेग, सहा फुटांचा, हातात जाडजूड फाइल. मुबेरानं त्या दिवशी आधीची ट्रेन धरली होती, तरी ती अजून वाटेतच. निशिगंधानं ट्रेसीला बजावलं होतं की मोठा दिवा लावायचा नाही, टेबलावरच्या दिव्यावर भागवायचं. ट्रेसीनं ते पाळलं. पण क्रेगला फाइल वाचायची होती. “फारच अंधार आहे बुवा,” म्हणून त्यानंच भिंतीवरचं बटण दाबलं.

झालं. डोक्यावर लख्ख उजेड, पलंगाभोवती तीन माणसं, सगळी गप्प.

फिक्रेत उठला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस तीसचा होऊन उठला. त्याची नजर क्रेगवर गेली. दिसायलाही क्रेग परक्या फौजेतल्या अंमलदारासारखाच, पोलादी चष्मा आणि कातरलेल्या मिशा. डावा पाय पुढं पडला.

“शांत हो मित्रा,” म्हणत क्रेग हात पसरून पुढं सरकला. तसंच शिकवलेलं असतं ना!

निशिगंधा क्रेगच्या छातीला खांदा देऊन मधे घुसली. ठोसा आला. तिनं मान झटकली, हवेत गिरकी घेतली, ट्रॉलीला धडकली, औषधांचे पेले, पाण्याचा जग, सगळं घेऊन खाली आली आणि उघड्या डोळ्यांनी मेली. ट्रॉलीची कड भुवईच्या वर लागली होती. रक्ताची धार कानापर्यंत आली. हे रक्त कुणी लावलेलं नव्हतं.

“अरे देवा!” क्रेग किंचाळला.

फिक्रेतनं तिला ओलांडलं आणि दुसरा शत्रू धरला. क्रेगची कॉलर मुठीत आली, पाठ भिंतीला टेकली, फाइलीचे कागद पाचोळ्यासारखे उडाले. मूठ मागं गेली, लांब, खांद्याच्या पार मागं. क्रेगला पडता येत नव्हतं आणि मागं सरायला जागा नव्हती. आता जे होणार ते खरं होणार होतं, आणि त्यापाठोपाठ टौरंगा.

निशिगंधा फरशीवर पडून होती. तोंडात शब्द होता. पण मेलेल्यानं बोललं की काय होतं, ते तिच्या बरगडीला पक्कं ठाऊक होतं. बोलली तर तो तिच्याकडं वळेल, लाथा घालेल, आणि क्रेग ते सगळं बघेल. न बोलली तर क्रेगचा जबडा जाईल. तिनं पापणी हलवली नाही. डोळे तेवढे ट्रेसीवर रोखले. रक्त डोळ्यात उतरत होतं तरी रोखले.

ट्रेसीची नजर तिच्या डोळ्यांवरून कपाटाच्या दारावर गेली. ओठ हलले. वरचे शब्द तिनं सोडले आणि शेवटचा पकडला.

“रेऽऽझ!” किवी हेल काढून, पण काच थरथरेल अशा आवाजात.

मूठ क्रेगच्या चष्म्यापासून चार बोटांवर थांबली. उघडली. फिक्रेतनं क्रेगची कॉलर नीट केली, खांद्यावर थोपटलं. मग वाकून निशिगंधाला हात दिला, उभी केली, कपाळावरचं रक्त अंगठ्यानं पुसून उजेडात निरखलं आणि कौतुकानं मान हलवली. हा रंग त्याला फारच जमलेला वाटला असावा. “दोब्रो,” तो म्हणाला. छान. आणि क्रेगकडं वळून अदबीनं विचारलं, “पोनोवो?”

“काय म्हणतोय तो?” भिंतीला तशाच चिकटलेल्या क्रेगनं विचारलं.

“परत एकदा घ्यायचं का, असं विचारतोय,” निशिगंधा म्हणाली.

“नको, नको! सांगा त्याला, उत्तम झालं!”

एवढ्यात मुबेरा धापा टाकत दारात आली. तिनं सांडलेलं पाणी बघितलं, रक्त बघितलं, कागद बघितले, भिंतीजवळचा माणूस बघितला, आणि जुन्या सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. फिक्रेत तिच्याकडं आशेनं बघत होता. ती काहीतरी पुटपुटली. त्यानं मान डोलावली आणि शहाण्यासारखा जाऊन पलंगावर बसला.

“काय सांगितलंत?” निशिगंधानं विचारलं.

“कादार चांगला झाला. आता जेवणाची सुट्टी.”

क्रेगनं कागद गोळा केले. भिंतीवरचा दिवा त्यानं आपल्या हातानं बंद केला. चष्मा पुसला आणि म्हणाला, “तो थांबला. शब्द ऐकला आणि थांबला. बंद वॉर्डात न थांबणारी माणसं ठेवतात.” त्यानं लिहिलं: मोठा दिवा काढून टाकावा. प्रत्येक शिफ्टला पडता येणारा एक आणि थांबवता येणारा एक, असे दोघे हजर असावेत. माणूस आहे तिथंच राहील.

मुबेरा खुर्चीत बसली ती बसलीच. पर्स उघडून रुमाल शोधत राहिली, आणि रुमाल तिच्या हातातच होता.

त्या हिवाळ्यात, तिकडं तो जून-जुलैत असतो, निशिगंधानं सियोनेसकट सात जणांना गाद्या अंथरून पडायला शिकवलं. सियोने पडायचा तेव्हा खिडक्या वाजायच्या. फिक्रेत बाजूला खुर्ची टाकून प्रत्येकाला लोशे नाहीतर दोब्रो द्यायचा. पुढं २०१७ साली तो खरा गेला तोवर मुबेराची ट्रेन रोज अकराच्या सुमाराला येतच राहिली.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. कपाळाला चार टाके पडल्यावर ट्रेसीनं निशिगंधापुढं फॉर्म सरकवला. नेम तो नेम, रक्त निघालं की फॉर्म. निशिगंधानं पेन उघडलं. खोटं लिहायचा तिचा स्वभाव नाही, हे आधी सांगितलंच आहे. ‘कुणी मारलं’ ह्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘कुणी नाही.’ ‘काय घडलं’ ह्यात लिहिलं, ‘मी पडले. ट्रॉली मधे होती, ती माझी चूक.’

ट्रेसीनं खांद्यावरून वाचलं. “आणि ‘पुन्हा अशी घटना घडेल का’, हा रकाना?”

निशिगंधा हसली. दाताच्या जागी अजून खिंडार होतं. तिनं त्या रकान्यात एकच शब्द लिहिला: पोनोवो.